बाण येण्यापूर्वीची वाट

रायपूरच्या तात्यापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांत (पारा म्हणजे आपली आळी) पत्ता विचारला की उत्तरात देऊळ येते, झाड येते, कुणाचे तरी दुकान येते. आग्नेयेला आखून वसवलेल्या नवा रायपुरात सेक्टरचा क्रमांक पुरतो. वाट सांगण्याच्या अशा दोन रीती रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमच्या इतिहासातही एकामागून एक आल्या.

१९८१ च्या ‘विझर्ड्री’त भुयाराचा नकाशा खेळाडूच आलेख-कागदावर चौकोन भरत काढी. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये गावकरी वाट शब्दांत सांगत, पूल, ओढा, टेकडी ओळखत जावे लागे. सांगितलेली वाट क्वचित चुकीचीही निघे, तेव्हा खेळाडूंची कुरकुर अगदीच अनाठायी नव्हती. चार वर्षांनी त्याच बेथेस्डाच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये होकायंत्रावर खूण आली. तिथे सर्व संवाद ध्वनिमुद्रित होते. लांबलचक वाटवर्णने मागे पडली यात नवल नाही. २००८ च्या ‘फेबल २’ने तर जमिनीवर सोनेरी रेघच ओढली. खेळाडू आता रेघेकडे पाहू लागला, प्रदेशाकडे नव्हे.

हा केवळ रुचीचा प्रश्न नाही. २०१६ मध्ये संशोधकांच्या सहभागाने ‘सी हीरो क्वेस्ट’ निघाला. स्मृतिभ्रंशात दिशाज्ञान लवकर ढळू शकते, म्हणून निरोगी माणसाचे दिशाज्ञान आधी मोजायचे होते. खेळात नकाशा आरंभी दाखवून काढून घेत; मग आठवणीने नाव हाकायची. बाण असता तर मोजण्यासारखे काही उरलेच नसते!

२०२२ मध्ये ‘नेचर’ने ३८ देशांतील ३,९७,१६२ खेळाडूंचा अभ्यास छापला. शहराबाहेर वाढलेले सरासरीने सरस ठरले. शहरवासीयांत शिकागोसारख्या चौकटबंद रस्त्यांत वाढलेले मागे पडले. मात्र सरळ मांडणीच्या पातळ्यांवर तेच किंचित पुढे होते. म्हणजे लहानपणीचे रस्ते माणसाला आपल्यासारख्याच रस्त्यांसाठी घडवतात, असे दिसते. नवा रायपुरातली मुले मोठी होतील तेव्हा हा निष्कर्ष तिथेही तपासून पाहण्याजोगा आहे.

बाण सरसकट काढावा असे मात्र वाटत नाही. दिवसभर काम करून अर्धा तास खेळणाऱ्याला तो हवाच असतो. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ने निवड खेळाडूवर सोपवली: हवी तर खूण, नाही तर अमुक प्रांतात, तमुक ठिकाणाच्या दक्षिणेला, असे शब्द. तात्यापाऱ्यात अजून सांगतात तसेच.