सह्याद्रीतील पवनऊर्जा प्रकल्पांना विरोध

सह्याद्रीच्या माथ्यावरील पठारे व डोंगरधारा येथे उभारलेल्या पवनऊर्जा प्रकल्पांना महाराष्ट्रात ग्रामस्थ, वन्यजीव अभ्यासक आणि पर्यावरण कार्यकर्ते यांनी वेळोवेळी विरोध केला आहे. वन्यजीवांचा अधिवास, जंगलतोड, डोंगरउतारांची धूप व वननिवासींचे हक्क हे या विरोधाचे प्रमुख विषय आहेत. धूर व राख न सोडणारी वीज आणि जैवविविधतेचे रक्षण ही पर्यावरणाचीच दोन उद्दिष्टे येथे परस्परांसमोर उभी राहतात.

पार्श्वभूमी

नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या माथ्यावर वेगाने वाहतात. त्यामुळे येथील पवनचक्क्यांचे वीजउत्पादन जून ते सप्टेंबर या काळात सर्वाधिक असते. १९९० च्या दशकात केंद्र शासनाने पवनचक्क्यांवरील गुंतवणुकीस प्राप्तिकरात वेगवान घसाऱ्याची सवलत दिली आणि खासगी गुंतवणूक वाढली. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी व ठोसेघर परिसरात मोठ्या संख्येने पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वनकुसवडे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर, कोयना जलाशयाच्या वरच्या अंगास आहे.

याच पट्ट्यात कोयना अभयारण्य आहे. ते २०१० मध्ये स्थापन झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग असून, २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील स्थळांमध्येही त्याचा अंतर्भाव होतो.

पठारांचे वैशिष्ट्य

जांभा खडकाच्या या उघड्या पठारांना ‘सडा’ म्हणतात. त्यांवर मातीचा थर अत्यंत पातळ असतो. उन्हाळ्यात ओसाड भासणाऱ्या सड्यावर पावसाळ्यात रानफुले, गवते व कीटकभक्षी वनस्पती उगवतात. उथळ डबक्यांत बेडूक व कीटक वाढतात. शासकीय नोंदींत अशा जमिनी पुष्कळदा ‘पडीक’ गणल्या जातात. ही नोंद पठाराच्या जीवसृष्टीचे मूल्य झाकून टाकते, असा अभ्यासकांचा आक्षेप आहे. पवनचक्कीचा पाया, अवजड वाहनांसाठी रस्ते आणि वीजवाहिन्या यांसाठी खडकाचा थर फोडावा लागतो व तो पूर्ववत करता येत नाही.

भीमाशंकर परिसरातील प्रकल्प

पुणे जिल्ह्याच्या खेड व मावळ तालुक्यांतील राखीव वनक्षेत्रात एनरकॉन (इंडिया) या कंपनीचा शंभराहून अधिक मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभारण्यात आला. त्यासाठी सुमारे १९४ हेक्टर वनजमीन वळती करण्यात आली. हे जंगल शेकरूसाठी प्रसिद्ध असलेल्या भीमाशंकर अभयारण्याच्या जंगलाशी सलग आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उड्या घेत वावरतो. रस्त्यामुळे वृक्षांचे सलग छत्र तुटले की त्याच्या संचारात खंड पडतो.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये केंद्र शासनास सादर केलेल्या अहवालात या प्रकल्पाचा उल्लेख आहे. सुमारे २८,००० झाडे तोडण्यास मंजुरी मिळाली होती. स्थानिक वनक्षेत्रपालाचा प्रतिकूल अभिप्राय वरिष्ठांनी डावलला. तीव्र उतारांवर रस्ते खोदून राडारोडा खाली लोटल्याने तो शेतजमिनींत व कृष्णेच्या उपनद्यांवरील जलाशयांत जात होता, असे अहवालात नमूद आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या वननिवासींचे हक्क मान्य न करता त्यांच्या डोंगरावरील वावरास अटकाव केला जात असल्याची नोंदही समितीने केली.

वन्यजीवांवरील परिणाम

पवनचक्क्यांच्या फिरत्या पात्यांवर आदळून पक्षी व वटवाघळे मरतात. शिकारी पक्षी डोंगरकड्यांवरून वर चढणाऱ्या वाऱ्याच्या आधारे घिरट्या घालतात आणि नेमक्या अशाच जागा पवनचक्क्यांसाठीही निवडल्या जातात.

चाळकेवाडी पठारावर भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांची संख्या इतर भागाच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांश आढळली. शत्रू कमी झाल्याने तेथे ‘सारडा सुपर्बा’ या पंखागळ्याच्या सरड्यांची दाटी वाढली. त्यांच्यातील ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटले आणि माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळू लागले. मात्र स्पर्धा वाढल्याने ते तुलनेने कृश होते आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके होते. या प्रजातीच्या शास्त्रीय नावातील ‘सारडा’ हा शब्द मराठी ‘सरडा’ या शब्दावरून घेतलेला आहे.

कायदेशीर चौकट

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेश नाही. त्यामुळे त्यांना तीनुसार पर्यावरण मंजुरी व जनसुनावणी आवश्यक ठरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांचे जे वर्गीकरण केले, त्यात पवनऊर्जा सर्वांत कमी प्रदूषणकारी अशा ‘पांढऱ्या’ गटात आहे. वनजमिनीवरील प्रकल्पास मात्र १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार मंजुरी लागते. वनहक्क कायदा, २००६ च्या अनुषंगाने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने अशा जमिनीसाठी ग्रामसभेची संमतीही आवश्यक केली. या तरतुदींचे पालन झाले की नाही, हाच स्थानिक विरोधाचा मुख्य मुद्दा राहिला आहे.

समर्थकांची भूमिका

पवनऊर्जेस इंधन लागत नाही, ती कर्बवायू सोडत नाही आणि दोन मनोऱ्यांमधील जमीन चराईस वा शेतीस वापरता येते, असे समर्थक मांडतात. हवामानबदलाचा फटका सह्याद्रीच्या जीवसृष्टीलाही बसणार असल्याने कोळशाला पर्याय हवाच, असा त्यांचा युक्तिवाद आहे. विरोधकांपैकी अनेकांचा आक्षेप पवनऊर्जेला नसून जागेच्या निवडीला आहे. सलग जंगल व सडे वगळावेत आणि उभारणीपूर्वी पक्षी व वटवाघळांचे सर्वेक्षण व्हावे, अशी त्यांची मागणी असते.

इतर देशांतील उदाहरण

नॉर्वेतील फोसेन द्वीपकल्पावर सामी या मूलनिवासी समाजाच्या रेनडियर चराईच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभारण्यात आल्या. हे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करणारे असल्याने अवैध आहेत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०२१ रोजी एकमताने दिला. तोवर पवनचक्क्या कार्यान्वित झाल्या होत्या आणि निर्णयानंतरही त्या हटवल्या गेल्या नाहीत. त्यामुळे २०२३ मध्ये ऑस्लो येथे सामी तरुणांनी आंदोलन केले.

हेही पाहा

शेकरू
कास पठार
कोयना अभयारण्य
वनहक्क कायदा, २००६