स्त्रीराज्य (नाथकथा)

स्त्रीराज्य हे भारतीय पुराणकथा आणि नाथ संप्रदायाच्या वाङ्मयात वर्णिलेले, केवळ स्त्रियांची वस्ती व सत्ता असलेले राज्य होय. मराठीत ते मुख्यत्वे मच्छिंद्रनाथ (मत्स्येंद्रनाथ) आणि तेथील राणी यांच्या सहजीवनाच्या व गोरक्षनाथांनी गुरूला तेथून परत आणण्याच्या कथेमुळे परिचित आहे. या कथेत सिंहासन स्त्रीकडे असते आणि अंतःपुरात पुरुष राहतो.

== प्राचीन उल्लेख ==
वात्स्यायनाचे ''कामसूत्र'', वराहमिहिराची ''बृहत्संहिता'' आणि कल्हणाची ''राजतरंगिणी'' या ग्रंथांत स्त्रीराज्याचा उल्लेख येतो. ''जैमिनीय अश्वमेधा''त अर्जुनाचा यज्ञीय अश्व स्त्रियांच्या राज्यात शिरतो. तेथील राणी प्रमिला तो अडवते आणि अखेरीस तिचा अर्जुनाशी विवाह ठरतो. या राज्याच्या स्थानाविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही.

== नवनाथ भक्तिसारातील कथा ==
धुंडिसुत मालू यांनी शके 1741 (इ.स. 1819) मध्ये पूर्ण केलेल्या ''नवनाथ भक्तिसार'' या 40 अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथात ही कथा विस्ताराने आली आहे. मारुतीच्या भुभुःकारामुळे या राज्यात पुरुष जिवंत राहू शकत नाही. त्या नादानेच स्त्रियांना गर्भधारणा होते, परंतु पुरुषगर्भ टिकत नाही. राणी मैनाकिनी मारुतीची आराधना करून त्याच्याच सहवासाची इच्छा व्यक्त करते. ब्रह्मचारी मारुती स्वतःऐवजी मच्छिंद्रनाथांना तेथे पाठवतो. मच्छिंद्रनाथ राणीसोबत संसार करतात आणि त्यांना मीननाथ हा पुत्र होतो.

गुरूच्या शोधात निघालेले गोरक्षनाथ कलिंगा नावाच्या नर्तकीच्या ताफ्यातून स्त्रीवेषात दरबारात पोहोचतात आणि मृदंगाच्या बोलांतून आपण आल्याची खूण गुरूला पटवतात. मच्छिंद्रनाथांचा पाय मात्र सहज निघत नाही. पुत्राविषयीची त्यांची माया तोडण्यासाठी गोरक्षनाथ मीननाथाला धुण्यासारखे आपटून मारतात व नंतर पुन्हा जिवंत करतात. परतीच्या वाटेवर गुरूच्या झोळीतील सोन्याची वीटही ते फेकून देतात.

बंगालीतील ''गोरक्षविजय'' या काव्यपरंपरेत याच कथेतील प्रदेशाला ''कदली'' असे म्हटले असून तेथेही गोरक्षनाथ नर्तकीच्या वेषात येतात.

== नाशिक जिल्ह्याशी संबंध ==
मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर अशी गुरुपरंपरा ज्ञानेश्वरांनी ''ज्ञानेश्वरी''च्या अठराव्या अध्यायात सांगितली आहे. त्र्यंबकेश्वर येथील ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाट चुकलेल्या निवृत्तिनाथांना तेथील गुहेत गहिनीनाथांचा अनुग्रह लाभला, अशी श्रद्धा आहे. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वर येथे असून पौष वद्य एकादशीला तेथे यात्रा भरते. सिंहस्थाच्या वर्षी बारापंथी नाथ जोगी त्र्यंबकेश्वराहून मंगळुरूजवळील कदरी मठाकडे पायी जातात. कदरी या नावाचा संबंध परंपरेने कदलीवनाशी जोडला जातो.

== माया मच्छिंद्र (1932) ==
कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली या कथेवर ''माया मच्छिंद्र'' हा बोलपट मराठी व हिंदी भाषांत काढला. मच्छिंद्रनाथांची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी, राणीची दुर्गा खोटे यांनी व गोरक्षनाथांची मास्टर विनायक यांनी केली. संगीतही टेंबे यांचेच होते. दुर्गा खोटे यांनी पुरुषद्वेष्टी, शस्त्रधारी राणी रंगवली असून तिच्याजवळ पाळीव चित्ता दाखवला आहे. या चित्रपटात स्त्रीराज्य व तेथील प्रेम ही गुरूने शिष्यासाठी रचलेली माया ठरते.

== अन्वयार्थ ==
सांप्रदायिक अर्थानुसार स्त्रीराज्य हे मायेचे व गोरक्षनाथ हे वैराग्याचे प्रतीक होय. स्त्रीसत्ता ही येथे साधकाची कसोटी असते. ती टिकावी अशी कथेची अपेक्षा नसते. मात्र भक्तिसारातील राणी ही निव्वळ मोहिनी नाही. तिने तप करून सोबती मिळवलेला असतो आणि तिच्या राज्यात पुरुष जगत नसल्यामुळे त्याच्या जाण्याने होणारी तिची हानी भरून निघण्यासारखी नसते. कथेचा शेवट गुरूची सुटका म्हणून सांगितला जातो. राणीच्या बाजूने पाहता तो वियोगाचा आहे.

== जपानी साहित्यातील समांतर उदाहरण ==
जपानी चित्रकथाकार फुमी योशिनागा यांची ''ओओकू'' ही मालिका 2004 पासून प्रसिद्ध झाली व 2023 मध्ये एनएचके वाहिनीने तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका केली. तरुण पुरुषांचा बळी घेणाऱ्या देवीसारख्या साथीमुळे एदो काळातील जपानमध्ये शोगुनपद स्त्रियांकडे जाते व अंतःपुरात पुरुष ठेवले जातात, अशी तिची कल्पना आहे. शोगुन इएमित्सू व पूर्वी भिक्षू असलेला आरिकोतो यांचे परस्परांवर प्रेम असते, परंतु त्यांना अपत्य न झाल्याने वारसासाठी तिला अन्य पुरुषांचा स्वीकार करावा लागतो.

दोन्ही कथांत विरक्त पुरुष स्त्रीच्या राजवाड्यात येतो आणि प्रेम टिकत नाही. नाथकथेत ते वैराग्यामुळे तुटते, तर ''ओओकू''मध्ये राज्याच्या गरजेमुळे. नाथकथेत पुरुषाला सोडवण्यासाठी शिष्य येतो. आरिकोतोला सोडवायला कोणी येत नाही आणि तो अंतःपुराचाच कारभार सांभाळतो.