शासन आणि अनुशासन : पेण-रोह्याचा वारसा व मुख्याध्यापकांची भूमिका

प्रस्तावना
शाळेतील कामाचे वातावरण निकोप राखणे ही मुख्याध्यापकाची जबाबदारी मानली जाते. त्यासाठी बहुधा आधुनिक व्यवस्थापनशास्त्राचा आधार घेतला जातो. परंतु रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या परिसराशी निगडित दोन व्यक्तींच्या कार्यातही या प्रश्नाचा मूलगामी विचार आढळतो. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

विनोबांचा विचार
विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांच्याकडे वर्धा येथील आश्रमाची धुरा सोपविली. प्रमुख असूनही सूतकताई, दळण व सफाई ही कामे ते स्वतः करीत. १९६८ मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी 'आचार्यकुल' स्थापन केले. न्यायसंस्थेप्रमाणे शिक्षणही सत्तेपासून स्वतंत्र असावे, ही त्यामागील भूमिका होती. आणीबाणीत त्यांचे 'अनुशासनपर्व' हे शब्द सरकारच्या समर्थनार्थ वापरले गेले. तेव्हा एक वर्षाचे मौन २५ डिसेंबर १९७५ रोजी सोडताना त्यांनी स्पष्ट केले की, शासन सत्तेचे असते, तर अनुशासन आचार्यांचे. जानेवारी १९७६ मध्ये पवनार येथील आचार्य संमेलनाने एकमताने निवेदन करून परिस्थिती पूर्ववत व्हावी, अशी अपेक्षा व्यक्त केली.

देशमुखांचा राजीनामा
चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. केंद्रीय अर्थमंत्री असताना १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. असा महत्त्वाचा निर्णय मंत्रिमंडळाशी योग्य विचारविनिमय न करता घेतला गेला, हाही त्यांचा आक्षेप होता. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

निष्कर्ष
वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. प्रमुखाने अंगमेहनतीत सहभागी झाल्यास कोणतेही काम हलके ठरत नाही. सहकाऱ्यांना न विचारता घेतलेला निर्णय योग्य असला तरी त्यांचा विश्वास गमावतो. मतभेद मांडणाऱ्या शिक्षकास भय वाटत असेल, तर त्या शाळेत शासन आहे, अनुशासन नाही. परिपत्रकाने शिक्षक वेळेवर हजर राहतील, परंतु वर्गात मनापासून शिकविण्याची वृत्ती परिपत्रकाने निर्माण होत नाही. ती मुख्याध्यापकाच्या आचरणातूनच रुजते.