भिंतीत दडलेली इस्त्रीची फळी

घराचा इतिहास सांगताना आपण बहुधा दिवाणखान्यापासून सुरुवात करतो. घर कोणी बांधले, तसबिरी कोणाच्या होत्या, हे सारे सांगितले जाते. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे मात्र इतिहास म्हणून कोणी पाहात नाही. वास्तविक घरातील बाईचे दिवस कसे गेले, याची खरी साक्ष तीच भिंत देते. अशाच एका भिंतीत दडलेल्या फळीची हकीकत आज मंडळाच्या भगिनींपुढे ठेवावयाची आहे. ती आहे अमेरिकेतली. परंतु कपड्यांची चळत आणि उभे राहून भरून आलेले पाय जिला ठाऊक आहेत, अशा कोणत्याही गृहिणीला ती परकी वाटू नये.

साधारणपणे १९१० ते १९४० या काळात अमेरिकेत जी लहान, आटोपशीर घरे बांधली गेली, त्यांना तिकडे 'बंगलो' म्हणत. हा शब्द आपल्या 'बंगल्या'वरूनच तिकडे गेलेला आहे. यांतील कित्येक घरांच्या स्वयंपाकघरात एक उंच, अरुंद दार आढळते. दार उघडले की आत उभी करून ठेवलेली लाकडी फळी दिसते. तिचे खालचे टोक बिजागरीने बसविलेले असते. फळी पुढे ओढून आडवी केली की तिच्या खालचा टेकू भिंतीशी रुततो आणि इस्त्रीचे टेबल तयार होते. काही कपाटांत बाह्यांसाठी आणखी एक छोटी फळी आणि गरम इस्त्री टेकवायला पत्र्याची जागाही असते. काम संपले की फळी वर, दार बंद.

ही युक्ती साधली ती तिकडच्या लाकडी भिंतींमुळे. त्या भिंतींत उभे वासे सुमारे सोळा-सोळा इंचांवर असतात. दोन वाशांमधली मोकळी जागा साडेचौदा इंच भरते आणि खोली जेमतेम चार इंच. एरवी वाया जाणाऱ्या या पोकळीत सुतारांनी कपाट बसविले. टपालाने घराचे सारे सामान पाठविणाऱ्या सीअर्स रोबक कंपनीच्या घरांतही (ती १९०८ ते १९४० या काळात विकली गेली) अशी फळी आढळते.

त्यापूर्वी काय होते? दोन खुर्च्यांवर आडवी टाकलेली फळी, किंवा जेवणाच्या टेबलावर पसरलेली घोंगडी. चुलीवर दोन-तीन लोखंडी इस्त्र्या तापत ठेवायच्या, एक निवाली की दुसरी उचलायची. सोमवारी धुणे आणि मंगळवारी इस्त्री, असा तिकडच्या घरांचा परिपाठच होता. या फळीत सुधारणा करणाऱ्यांत एका स्त्रीचे नाव आदराने घेतले पाहिजे. सारा बून ही कृष्णवर्णीय स्त्री १८३२ साली नॉर्थ कॅरोलायनात गुलामगिरीत जन्मली. तिच्या जन्माच्या आधीच त्या राज्याने गुलामांना लिहावाचायला शिकविणे हा गुन्हा ठरविला होता. यादवी युद्धापूर्वी ती कुटुंबासह न्यू हेवन शहरी आली, शिवणकामावर संसार चालविला आणि प्रौढ वयात अक्षर शिकली. स्त्रियांच्या कपड्यांच्या बाह्या आणि चोळीचे वळण सपाट फळीवर नीट बसत नाही, हे तिला रोजच्या कामातून ठाऊक होते. तिने अरुंद, वक्र कडांची, उलटसुलट करता येणारी फळी योजिली आणि २६ एप्रिल १८९२ रोजी तिचे पेटंट मिळविले. इस्त्रीच्या फळीची पेटंटे तिच्या आधीही निघाली होती. पण जिने हजारो बाह्या आपल्या हातांनी इस्त्री केल्या, तिची ही सुधारणा होती.

मग आली वीज. विजेच्या इस्त्रीचे पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली याने १८८२ सालीच घेतले होते. पण इस्त्री असून उपयोग काय? वीज कंपन्या बहुधा अंधार पडल्यावर दिव्यांपुरतीच वीज देत. कॅलिफोर्नियातील ऑन्टॅरिओ गावी वीज कंपनीत काम करणाऱ्या अर्ल रिचर्डसन याने गृहिणींना हलकी इस्त्री वापरावयास दिली आणि मंगळवारी दिवसाही वीज चालू ठेवावी म्हणून कंपनीचे मन वळविले. टोकाशी अधिक उष्णता हवी, हे बायकांनीच त्याला सांगितले. त्यावरूनच 'हॉटपॉइंट' हे नाव पडले. प्रथम ही इस्त्री छताच्या दिव्याच्या जागी वायर लावून चालवीत. भिंतीतल्या कपाटाशेजारीच विजेचे बटण आले, तेव्हा फळी, वीज आणि इस्त्री यांना एक ठरलेली जागा मिळाली.

याच सुमारास घरकामाचे शास्त्र सांगणाऱ्या विदुषी पुढे आल्या. क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१३ साली 'द न्यू हाउसकीपिंग' हे पुस्तक लिहून कारखान्याप्रमाणे घरातही पावले वाचवावीत, असे प्रतिपादन केले. युरोपात मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या स्थापत्यविशारद स्त्रीने १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले. त्यातही भिंतीला घडीची इस्त्रीची फळी होती. सुमारे दहा हजार घरांत ते बसविले गेले. परंतु ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. पावले वाचली खरी. पण तिथे दुसरे माणूस मदतीला उभे राहील तर कुठे? काम आटोपशीर झाले आणि एकटीचेही झाले.

येथेच या फळीच्या इतिहासातील खरा प्रश्न आहे. पूर्वी अमेरिकेतील पुष्कळ कुटुंबांचे कपडे धोबिणींकडे जात. दक्षिणेत या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रिया असत. १८८१ साली अटलांटा शहरातील धोबिणींनी वाजवी मजुरीसाठी संप केला, तेव्हा वीसएक जणींनी सुरू केलेल्या त्या संपात तीन आठवड्यांत तीन हजार जणी सामील झाल्या होत्या. पुढे वीज, कपडे धुण्याचे यंत्र आणि भिंतीतली फळी आल्यावर हे काम हळूहळू घरात परतले. धोबिणीचा रोजगार गेला आणि गृहिणीच्या डोक्यावर नवे काम बसले. जोअॅन व्हॅनेक यांनी १९७४ साली जुन्या पाहण्या ताडून दाखविले की, नोकरी न करणाऱ्या अमेरिकन गृहिणी १९२४ च्या सुमारास आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करीत आणि १९६० च्या दशकात सुमारे ५५ तास. कपड्यांच्या कामाचा वेळ तर वाढलाच होता. यंत्र आले की स्वच्छतेची अपेक्षाही वाढते. आठवड्याला एक सदरा बदलणारा गृहस्थ रोज नवा मागू लागतो. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली यावर लिहिलेल्या ग्रंथाचे नावच 'आईला अधिक काम' अशा अर्थाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर घडीची हलकी लोखंडी टेबले आली, कमी चुरगळणारे कापड आले, आणि भिंतीतल्या फळीचे दिवस संपले. कोठे दार रंगाखाली बंद झाले, कोठे फळी काढून मसाल्याच्या बरण्यांसाठी फडताळ केले गेले. चार इंच खोली बरण्यांना अगदी बेताची पुरते. आता जुनी घरे हौसेने दुरुस्त करणारी माणसे ती कपाटे पुन्हा उघडू लागली आहेत. ते काम मात्र जपून करावे लागते. अमेरिकेत घरगुती रंगांत शिसे वापरण्यास १९७८ साली बंदी झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर विषारी धूळ उडते. म्हणून आधी रंग तपासून घेतात आणि दाराच्या फटीवरचा थर सुरीने हलकेच कापतात. काही कपाटांत व फळीच्या आच्छादनांत अॅस्बेस्टॉस असतो. तो ओरबाडायचा नसतो, जाणकाराकडूनच काढवायचा. जुनी वायर वापरायची नाही, नवी जोडणी करून घ्यायची. बिजागरीची भोके सैल झाली असतील तर लाकडी खुंटी सरसाने बसवून मग स्क्रू पिळायचा. टेकूचा सांधा पक्का आहे ना, हे फळीवर भार देऊन पाहायचे. शेवटी सुती गादी आणि स्वच्छ अभ्रा घातला की फळी पुन्हा कामाला लागते. जिला मसाल्याचे फडताळच हवे, तिने ते जरूर करावे. मात्र फळी, टेकू व बिजागऱ्या एकत्र बांधून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या पिढीला फळी परत बसविता येईल.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. फळी सुंदर असते आणि जागाही वाचते, हे खरेच. पण त्याहून मोठे कारण असे की, घरकाम हे बाईच्या हातून उमटते आणि पुसून जाते. इस्त्री केलेला सदरा दुसऱ्या दिवशी चुरगळतो. केलेल्या कामाची खूण उरत नाही. ती फळी ही त्या कामाची उरलेली खूण आहे.

आपल्याकडेही जुन्या वाड्यांच्या जमिनीत दगडी उखळ बसविलेले असे आणि कोपऱ्यात जाते असे. फरशी बदलताना पुष्कळ ठिकाणी ती निघून गेली. ज्या भगिनींच्या घरी अजून शिल्लक असतील, त्यांनी गवंड्याला बोलाविण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ थोडा वेळ बसावे आणि त्या दगडाशी कोण बसत असे, किती वाजता उठत असे, हे विचारून लिहून ठेवावे. आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारावा: घरात सोयीची नवी वस्तू आली, तेव्हा आपले काम कमी झाले, की केवळ आपल्या एकटीचे झाले?