सर्व्हिसिंगनंतर गाडीखाली ऑइलचा डाग? आधी या सहा जागा तपासा

संध्याकाळी गाडीची सर्व्हिसिंग करून आणली आणि सकाळी अंगणात गाडीखाली काळा-पिवळा डाग दिसला, असा अनुभव अनेकांना येतो. मग कुणी म्हणतो इंजिन गेलं, कुणी म्हणतो हेड उघडावं लागेल. खरं तर सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेली गळती बहुतेक वेळा सर्व्हिसिंगमध्ये जिथे हात लागला, तिथूनच असते. तो भाग सापडला तर काम एखाद्या वायसरवर किंवा ओ-रिंगवर भागतं.

मात्र दुर्लक्ष महागात पडतं. १००-१२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना ऑइल कमी झाल्याचा दिवा नसतो. इंजिनात साधारण एक लिटरच्या आसपास ऑइल, तेही थेंबथेंब गेलं तरी गाडी काही सांगत नाही. इंजिन तापून खडखडायला लागतं तोवर उशीर झालेला असतो. इंजिन जाम झालं की पिस्टन-बोअरचं काम निघतं. शिवाय ऑइल उडून मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर गेलं तर वळणावर गाडी घसरते. दुधाचे कॅन किंवा मागे माणूस बसलेला असेल तर धोका आणखी मोठा.

आधी खात्री करा, ऑइलच आहे का?

पेट्रोल असेल तर वास येतो आणि डाग लवकर उडून जातो. चेनला नुकतंच ऑइल मारलं असेल तर ते चेन कव्हरवरून आणि स्विंग आर्मवरून टपकतं. सर्व्हिसिंग करताना सांडलेलं ऑइल चेंबरखाली आणि फुटरेस्टच्या पाइपला चिकटून राहतं, ते एक-दोन दिवस गळत राहू शकतं. म्हणून आधी पुसून घेणं महत्त्वाचं.

गळती कुठून आहे, कशी शोधायची?

१) गाडी डबल स्टँडवर उभी करा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.
२) चेंबर, नट आणि कव्हरच्या कडा डिझेलच्या कापडाने स्वच्छ पुसा, मग कोरडं कापड फिरवा. पेट्रोल वापरू नका, पेट घेण्याची भीती असते.
३) संशय असलेल्या जागी थोडी टाल्कम पावडर भुरभुरा.
४) इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पावडर जिथे आधी ओली होते, गळती तिथली.

ऑइल नेहमी वरून खाली आणि वाऱ्याने मागे ओघळतं. थेंब खाली नटावर लटकलेला दिसला तरी सुरुवात वर कव्हरला असू शकते. म्हणून ओल्या भागाची सगळ्यात वरची जागा शोधा.

या सहा जागा बघा

ड्रेन नट : ऑइल सोडताना हाच नट उघडतात. त्याखालचं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर एकदा दाबलं गेलं की चपटं होतं. तेच परत लावलं की झिरपतं. उपाय एकच, त्याच मापाचं नवीन वायसर. दोन वायसर एकावर एक लावू नयेत, त्याने नटाचे आटे कमी पकडतात.

ऑइल भरायची कॅप : कांडीच्या टोपीची ओ-रिंग कडक झाली, तुटली किंवा पडली तर वरून ऑइल ओघळतं.

फिल्टरचं कव्हर : काही गाड्यांत फिल्टरला वेगळं कव्हर असतं. त्याची ओ-रिंग वाकडी बसली किंवा दोन पृष्ठभागांत चिमटली तर गळती होते. बसवताना ओ-रिंगला थोडं ऑइल लावावं.

क्लच साइडचं कव्हर : जाळी किंवा क्लच प्लेटसाठी हे उघडलं असेल तर पॅकिंग नवीन हवं. जुनं पॅकिंग खरवडताना पृष्ठभागावर ओरखडे पडले तर नवीनही गळतं. बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळावेत. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर कव्हर नीट बसत नाही, आटेही जातात.

टॅपेटच्या टोप्या : टॅपेट सेट केल्यावर ओ-रिंग जुन्याच राहिल्या तर हेडवरून ऑइल खाली येतं. लोक त्याला हेड गॅस्केट समजतात.

पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील : चेनसेट बदलल्यावर इथे बघा. सीलला मार लागला असेल तर चेनच्या बाजूने ऑइल उडतं.

ऑइल जास्त भरलं तरीही त्रास

कधी कधी काहीच तुटलेलं नसतं, ऑइलच जास्त भरलेलं असतं. मग ते ब्रीदर पाइपातून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि तिथून टपकतं. गाडी सपाट जागी सरळ उभी करून, बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी पातळी बघा. कांडी नुसती टेकवायची की आटे फिरवून बघायची, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवी.

‘अजून थोडा आवळ’ म्हणू नका

गळती दिसली की पान्याला पाइप लावून नट आवळण्याची सवय सगळ्यात घातक. चेंबर ॲल्युमिनियमचा असतो, नट लोखंडी. जास्त जोर दिला की चेंबरचेच आटे जातात. मग दहा-वीस रुपयांच्या वायसरचं काम लेथवर जाऊन आटे मारण्यापर्यंत पोचतं. हाताने पूर्ण बसवून बरोबर मापाच्या रिंग पान्याने घट्ट करावा, लटकू नये. वरून एम-सील किंवा सिलिकॉन थापणं हा इलाज नाही. आत गेलेला सिलिकॉनचा तुकडा ऑइलची वाट बंद करू शकतो.

वायसर बदलण्यासाठी ऑइल सोडावं लागतं. ते नवीन असेल तर स्वच्छ, कोरड्या भांड्यात धरून गाळून परत भरता येतं. वरून भर घालायची असेल तर पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच, जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं ऑइल घ्या. घरात ट्रॅक्टरचं आहे म्हणून ते ओतू नका. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये फिरतो, चुकीच्या ऑइलने तो घसरू शकतो. सांडलेलं, काळं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका.

गाडी कधी चालवू नये?

थेंबांची धार झाली असेल, कांडीला ऑइल लागतच नसेल किंवा ड्रेन नट वाटेत पडला असेल तर गाडी सुरू न करता ढकलत किंवा टेम्पोत न्यावी. ‘गॅरेजपर्यंतच’ म्हणून नेलेली गाडी त्या दोन किलोमीटरमध्ये जाम होऊ शकते.

काम झाल्यावर दोन-तीन किलोमीटर फिरवून परत बघा आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल आणि पातळी बरोबर असेल तर काम झालं. पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रींना आधीच सांगून ठेवा, ‘ड्रेन नटाचं वायसर नवीन टाका आणि जुनं मला दाखवा.’ गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः न उघडता बिल घेऊन सर्व्हिस सेंटरलाच न्यावी.