मांजर घराचे की माणसांचे?
समजा, वसईच्या एव्हरशाईन सिटीतला फ्लॅट विकणारे कुटुंब म्हणाले, ‘मांजर घराला धरून असते, नव्या मालकांकडेच राहू दे.’ या समजुतीला इतिहास आहे. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात धान्य साठू लागले, उंदीर आले, त्यांच्यामागे रानमांजर आले. म्हणजे ओढ कोठाराची! पण सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाजवळ पुरलेले मांजर सापडल्याचे फ्रेंच संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. कुणीतरी होडीतून सोबत नेले असणार. फ्लॅटमध्ये तर कोठारही नाही. नवे मालक राजी नसतील, तर उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून जाणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.