आळशी वायूचं काम

आम्ही बिबवेवाडीकर कात्रजचा घाट चढणारे ट्रक रोज बघतो. त्यांच्या अ‍ॅक्सलवर आपला किती विश्वास असतो! १९६१ साली मुंढव्याला भारत फोर्ज स्थापन झाली आणि असले घडीव भाग पुण्यातच होऊ लागले. पण घडाईआधी पोलाद स्वच्छ हवं. त्यात हायड्रोजन राहिला, तर जाड तुकड्याच्या पोटात केसासारख्या चिरा पडतात, बाहेरून दिसतही नाहीत.

१८५६ मध्ये बेसेमरनं वितळलेल्या बिडातून हवा फुंकून स्वस्त पोलाद काढलं. ऑक्सिजननं कार्बन जाळला, पण हवेतला नायट्रोजन मुरून पोलाद ठिसूळ झालं. १८९४ मध्ये रॅली आणि रॅम्से यांना हवेतच आरगॉन सापडला. कशाशीच संयोग नाही, म्हणून ग्रीक नाव 'आळशी'!

गंमत म्हणजे हा आळसच कामाला आला. सुमारे १६०० अंशांच्या रसात, लेडलच्या तळातल्या सच्छिद्र विटेतून आरगॉन सोडतात. बुडबुड्यात हायड्रोजन नसतो, म्हणून रसातला थोडा त्यात शिरतो. निर्वाताची जोड दिली की बराच निघतो. ऑक्साइडचे बारीक कणही बुडबुड्यांना चिकटून वरच्या मळीत जातात.

बेसेमरच्या हवेतही आरगॉन होताच, जेमतेम एक टक्का. तो वेगळा काढता येईपर्यंत त्याचा उपयोग मात्र कुणाला नव्हता.